एका घरचे दोन दुभाषे

१२ फेब्रुवारी १९८९
ग्रे विलो

लीलंड,

'प्रिय' लिहायचं विसरले नाही. लिहिलं नाही.

काल गावसभेत त्या मिस्टर प्रुइटच्या शेजारी तू उभा राहिलास, आणि त्याचं अर्ध्या तासाचं इंग्रजी भाषण आपल्या भाषेत तीन वाक्यांत उरकलंस. मी मागच्या भिंतीला टेकून मोजत होते. पहिलं वाक्य, ही माणसं लांबून आली आहेत, पोटभर जेवून जा. दुसरं, कंपनी इथे एक मोठी शेगडी बांधणार आहे. तिसरं, तिच्यात दवाखान्यांतली जुनी कापडं जाळतील आणि आपल्या पोरांना कामं मिळतील.

मोठी शेगडी! बाहेर बर्फ, आत म्हातारीकोतारी माणसं गुडघे चोळत बसलेली. शेगडी म्हटल्यावर नको कोण म्हणणार? वॉलेस क्ली तर मोठ्यानं ओरडला, "माझ्या होगनच्या घरापर्यंत एक नळी टाका म्हणावं, म्हातारीचे पाय गार पडतात!" सगळे हसले. तूही हसलास. प्रुइटनं तुला विचारलं, काय म्हणतोय तो? तू म्हणालास, पाठिंबा आहे म्हणतोय.

सत्तेचाळीस हात वर. विरोधात एक नाही. ग्लेनाबा मावशीनंसुद्धा हात वर केला. ऐंशी वर्षांची बाई, उजवा खांदा वर जात नाही, तर डाव्या हातानं उजवा हात उचलून धरला. प्रुइटसाठी नाही. मेलेल्या बहिणीचा मुलगा बोलतोय म्हणून.

तू विचारशील, मग ताई, तू का गप्प बसलीस? माझा घसा बसला होता.

आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास आणि मी चौदाची. इंग्रजीचे पहिले शब्द तुला मी शिकवले, मेंढ्यांमागे चालता चालता. दगड, कुत्रा, वारा, पाणी. हे शब्द तू असे विकायला काढशील हे ठाऊक असतं तर तुला मुका ठेवला असता.

त्या कंपनीनं दिलेली पांढरी टोपी घालून माझ्या दारात येऊ नकोस. टोपी काढूनही येऊ नकोस.

आयलीन


५ मार्च १९८९
ग्रे विलो

लीलंड,

करार पक्का होण्याआधी गावसभेत पुन्हा एकदा हात वर करून घ्यावे लागतात, हे तुम्हाला वाटलं आम्हाला माहीत नाही. मी विंडो रॉकला आपल्या जमातीच्या कचेरीत जाऊन अर्ज दिला आणि तुमच्या 'क्लीअर होरायझन' कंपनीचा पूर्ण आराखडा मागवून घेतला. दोनशे चौदा पानं. शाळेची बस सकाळी पोरांना सोडते आणि दुपारी घ्यायला जाते, त्या मधल्या वेळात बसमध्येच बसून वाचते. मागचा आठवडाभर हेच चाललंय.

अठ्ठ्याऐंशीव्या पानावर यादी आहे. रंगाचे कारखाने धुतलेलं तेल. कीड मारायची जुनी औषधं. आणि त्याखाली, शस्त्रक्रियेत काढलेले शरीराचे भाग.

मी ते पान तीनदा वाचलं. मग बसच्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि खाली उतरून उभी राहिले. ज्या बसमध्ये उद्या पोरं बसणार, तिच्यात ते शब्द मोठ्यानं उच्चारायचीसुद्धा मला भीती वाटली. तू आमच्यातच वाढलास. मेलेल्याच्या वस्तूला आपण हात लावत नाही, तो गेला त्या घरात पुन्हा राहायला जात नाही. आणि तुम्ही कुणा अनोळखी माणसांचे हात-पाय आमच्या उशाला जाळणार? शेगडी होणार त्या टेकडीवरून वारा कुठे येतो, हे तुला सांगायला हवं? शाळेवर येतो. मावशीच्या मेंढ्यांवर येतो.

पहिल्यांदा वॉलेस क्लीकडे गेले. त्यानं कॉफी ओतली, म्हणाला, "शेगडीची खबर आणलीस का?" मी पान वाचलं, आपल्या भाषेत, शब्द न् शब्द.

"कुणाचे?" त्यानं विचारलं.

"कुणाचेही. कॅलिफोर्नियातल्या दवाखान्यांतले."

लीलंड, तो माणूस स्वतःच्या बायकोच्या आजारपणावरही विनोद करतो. तो उठला, कप घेऊन बाहेर गेला आणि कॉफी मातीत ओतून दिली. मग म्हणाला, "आणि मी नळी मागितली."

ही लाज तू त्याला दिलीस. सत्तर वर्षांच्या माणसाला.

मी आता घरोघर जातेय. वहीत सह्या घेते, ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा. वॉलेस माझ्या बरोबर असतो. मावशीकडे अजून गेले नाही.

तुला हे माहीत होतं का, एवढंच मला कळव. हो किंवा नाही. तुझं भाषांतर नको.

आयलीन


९ एप्रिल १९८९
ग्रे विलो

लीलंड,

महिनाभरानं तुझं पत्र आलं. फ्लॅगस्टाफचा शिक्का, कंपनीचा छापील कागद, आणि त्यावर एकच ओळ. 'ताई, १९६९ साली तळं कोण म्हणालं होतं?'

हो-नाही विचारलं तर हे उत्तर. छान. कंपनीनं तुला प्रश्नाला प्रश्न करायचं शिकवलेलं दिसतंय.

तू तेव्हा अकरा वर्षांचा होतास. गावसभेत पहिल्या रांगेत बसून फुकटचा पाव खात होतास. तुला काय आठवतंय? मी एकोणीस वर्षांची पोरगी होते. समोर धातू धुणाऱ्या कंपनीचे चार गोरे आणि मागे सगळं गाव, आणि इंग्रजी येणारी मी एकटी. त्यांच्या त्या शब्दाला आपल्या भाषेत शब्दच नव्हता. पाणी होतं, त्याला काठ होता, आभाळ त्यात दिसायचं. मी तळं म्हटलं. तू काय म्हटलं असतंस?

आणि जे पुढे झालं ते मी केलं नाही. मेंढ्यांना पाणी पाजायला मी नेलं नाही. मावशीच्या मुलाला पोहायला मी पाठवलं नाही. त्याचं नाव मी लिहीत नाही, तूही घेऊ नकोस, गेलेल्याला हाका मारू नयेत. एकतिसाव्या वर्षी त्याची मूत्रपिंडं गेली, त्याला सतरा कारणं असतील. डॉक्टरसुद्धा ठामपणे बोलले नाहीत.

शेगडी आणि तळं एक नाही. तू मोठा माणूस आहेस, शिकलेला आहेस, तुझ्या टेबलावर दोनशे चौदा पानं आहेत.

आणखी एक. मंगळवारी बसच्या साहेबानं मला बोलावून घेतलं. तक्रार आलीय म्हणे, मी शाळेच्या बसमध्ये कंपनीविरुद्धचे कागद नेते. पुन्हा दिसलं तर किल्ल्या ठेवून जा. ही तक्रार फ्लॅगस्टाफहून आली होती. फ्लॅगस्टाफमध्ये मला ओळखणारा एकच माणूस राहतो. ते कागद मी माझ्या पिशवीतून नेते, हे कुणाला ठाऊक आहे, तेही तूच सांग.

आता मी पिशवी घरी ठेवते. दुपारी बस लावून झाली की चालत जाते. चालायला लावलंस तर चालेन, पण थांबणार नाही.

तळ्याचं मावशीला बोललास तर याद राख. तिला आता दिसत नाही धड. कानांवर आणि माणसांवर जगते ती. तिचं हे एवढं सोडून दे.

आयलीन


१४ मे १९८९
ग्रे विलो

लीलंड,

कालचं सगळं तू पाहिलंस. तरी लिहितेय, कारण तू पुढे उभा होतास आणि मी मागून बोलत होते, आणि दोघांनी वेगळंच पाहिलं असेल. नंतर कुणी तुला विचारलं तर तुझ्या सोयीनं सांगशील, म्हणून माझं कागदावर असू दे.

प्रुइट बोलला आणि तू सुरू झालास. 'मोठी शेगडी' यावेळीही म्हणालास, पण आवाज पहिल्यासारखा नव्हता. मी अठ्ठ्याऐंशीवं पान घेऊन उठले. घसा ठीक होता. फेब्रुवारीतही ठीकच होता. तू तळ्याचं काढशील या भीतीनं मी तेव्हा गप्प बसले होते. हे आता लिहायला हरकत नाही.

मी वाचायला लागले तेव्हा प्रुइटनं तुला विचारलं, "ही बाई कोण?"

तू म्हणालास, "शाळेची बस चालवते."

माझ्या पाठच्या भावानं. भरल्या सभेत. बस चालवते! ते ऐकून माझा उरलासुरला आवाजही मोकळा झाला. मी यादी पूर्ण वाचली. तेल, औषधं, मग ते. दोन बायका तोंडावर हात धरून बाहेर गेल्या. तू मध्येच म्हणालास, "ती घाबरवतेय तुम्हाला, सगळं काही तिथे जाळणार नाहीत." वॉलेस उठून म्हणाला, "मग थोडंच जाळणार का रे? किती बोटं जाळणार तेवढं सांग, आम्ही मोजून घेऊ." कुणी हसलं नाही.

मग मावशी उठली. काठी टेकत मधोमध आली. तिला आपण दोघं फक्त आवाजावरूनच कळत होतो, हे माझ्या लक्षात आलं. एकदा तुझ्याकडे वळली, एकदा माझ्याकडे.

म्हणाली, "दोघंही माझ्या बहिणीची लेकरं. एक म्हणतो शेगडी, एक म्हणते मढी. मला कागद वाचता येत नाही. पण आयलीननं मला आजवर कधी फसवलेलं नाही. तिचं खरं."

लीलंड, त्या क्षणी मी तुझ्याकडे पाहिलं. तुझ्या हातात दगड होता. एक शब्द टाकला असतास, तळं, तर माझी दोनशे चौदा पानं तिथल्या तिथे राख झाली असती. तू जिंकला असतास. आणि तू खाली जमिनीकडे बघत राहिलास. प्रुइट तुला कोपरानं ढोसत होता, तरी तू तोंड उघडलं नाहीस.

यासाठी मी तुझे आभार मानणार नाही. याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. तू बोलला असतास तर मी तुला खोटं पाडलं असतं, भांडले असते, काहीतरी केलं असतं. तू गप्प बसलास आणि मावशी तिथे उभी राहिली, माझ्यावर विश्वास ठेवून, ज्याला तिनं तळ्यात पोहायला पाठवलं त्याची आई.

म्हणून मी बोलले. तुला वाटत असेल मी धीट आहे. नाही. मला ते सहन झालं नाही, एवढंच.

मी म्हणाले, "मावशी, तळं मी म्हणाले होते."

ती म्हणाली, "मला माहीत आहे तू म्हणालीस. तूच होतीस ना दुभाषी."

"ते तळं नव्हतं. धातू धुतलेलं घाण पाणी साठवायचा खड्डा होता. भोवती कुंपण घाला, जनावरं जवळ येऊ देऊ नका, असं त्यांचा इंजिनिअर इंग्रजीत म्हणाला होता. मी ते सांगितलं नाही."

"तुला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं. मी त्याला विचारलं, हे कसं सांगू? तो म्हणाला, तळं म्हण, नाहीतर घाबरतील. मला ते फिनिक्सला शिकायला पाठवणार होते."

आता हे तुला ठाऊक नव्हतं. तुझ्या एका ओळीत फक्त शब्द होता. मला कळलं होतं, हे तुला माहीत नव्हतं. तुझा चेहरा मी पाहिला.

फिनिक्सला मी एक वर्ष होते. कंपनीच्या खोलीत राहून टायपिंग शिकले. परत आले तेव्हा मावशीनं माझ्यासाठी मेंढी कापली होती.

मावशीच्या सुनेनं हात धरायला पुढे केला तर तिनं काठीनं बाजूला सारला. मग बोलली ती माझ्याशी नाही, सभेशी बोलली. "आज कुणी हात वर करू नका. ह्या एका घरानं आपल्याला दोनदा शब्द विकले. आता कागद दारोदार जाईल. दोघं बरोबर जातील. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं त्याच्या तोंडाकडे बघायचं. जिथे खोटं निघेल तिथे दुसऱ्यानं बोलायचं. सगळी घरं झाली की मग हात."

तुझा प्रुइट विचारत होता, काय ठरलं, काय ठरलं? तू त्याला काय सांगितलंस मला माहीत नाही. तो पाय आपटत गाडीकडे गेला आणि तू मागेच राहिलास, एवढं पाहिलं.

तेव्हा हे ऐक. घरं अडतीस आहेत. येत्या शनिवारी सकाळी सातला दुकानासमोर ये. तुझ्या गाडीनं जाऊ, माझ्या गाडीचा गिअर गेलाय. तुझं तोंड बघायची मला इच्छा नाही, पण बघण्याचंच काम लागलंय. आपापली कॉफी आपापली आणायची.

आयलीन


४ जून १९८९
ग्रे विलो

लीलंड,

अडतीस घरं झाली. काल मावशीचं, शेवटचं. गाडीत बोलायचं नाही असं मीच ठरवलं होतं, म्हणून जे बोलायचं ते इथे लिहिते.

पहिले चार दिवस मी गाडीच्या मागच्या उघड्या भागात बसून धूळ खाल्ली, ती रागानं. पाचव्या दिवशी पुढे बसले, ते माझी पाठ धरली म्हणून. त्याचा दुसरा अर्थ काढू नकोस. तू एका हातानं गाडी चालवतोस आणि सूर्यफुलाच्या बियांची टरफलं माझ्या बाजूच्या खिडकीतून थुंकायला बघतोस. पस्तीस मैल मी हे सोसलं.

कामाचं बोलायचं तर पहिल्या घरी तू 'भट्टी' म्हणालास, ते अर्धंच होतं, मी दुरुस्त केलं. तिसऱ्या घरी माझं चुकलं, मी धुराबद्दल कागदात आहे त्याहून वाढवून सांगितलं आणि तू म्हणालास, "एवढं लिहिलेलं नाही, ताई." मला तुझं डोकं फोडावंसं वाटलं. पण लिहिलेलं नव्हतं. मी शब्द मागे घेतला.

अकराव्या घरी तू स्वतःहून आपल्या भाषेत पूर्ण सांगितलंस, आडपडदा न ठेवता, जिथे मेलेल्यांची अंगं जाळतात ती जागा असं. त्या म्हातारीनं तुझ्या तोंडावर दार लावून घेतलं. तू पायरीवर बसलास. मग म्हणालास की तू ती दोनशे चौदा पानं कधी वाचलीच नव्हतीस. प्रुइटनं तुला दोन पानांचा गोषवारा दिला होता, आणि अठ्ठ्याऐंशीवं पान तू पहिल्यांदा माझ्या तोंडून ऐकलंस.

ते खरं की खोटं मला माहीत नाही. न वाचता सांगणं आणि वाचून लपवणं, यात हलकं कुठलं, हे ठरवायला मी योग्य माणूस नाही, कारण मी दुसरं केलंय. पण म्हणून तुझं हलकं होतं असं समजू नकोस. तक्रारीचं मात्र तू कबूल केलंस. ती तूच केलीस. तेही पायरीवर बसून, माझ्याकडे न बघता. मला बस चालवणारी म्हणालास आणि ती बसही काढून घ्यायला निघाला होतास. ते मी विसरणार नाही.

आता मावशीकडचं. तिनं आपल्याला आत बोलावलं नाही, होगनच्या दारात उभं ठेवलं. कॉफी विचारली नाही. पाणी आणायला आलेल्या अनोळखी माणसालाही ती कॉफी देते. तुझं सांगून झालं तसं ती म्हणाली, "झालं? जा." तू गाडीकडे गेलास. मी निघाले तर तिनं काठी आडवी धरली.

"जुन्या कागदाचं सांग," म्हणाली. "तेव्हा काय सांगायला हवं होतं, ते तसंच सांग. आज ती सभा आहे असं समज."

मी सांगितलं. मेंढ्यांच्या कुंपणाला धरून उभी राहिले आणि सांगितलं. हा घाण पाण्याचा खड्डा आहे. यातलं पाणी पिऊ नका. जनावरं आणि पोरं याच्या जवळ येऊ देऊ नका.

मावशी थांबून राहिली, आणखी काही येईल म्हणून. मग म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच."

"तीन वाक्यं होती," ती म्हणाली. "मी समजले असते."

आणि आत गेली.

तू गाडीतून भोंगा वाजवत होतास. म्हणून तुला ऐकू आलं नाही. म्हणून लिहिलं.

आयलीन


२७ जून १९८९
ग्रे विलो

लीलंड,

सतराला हात झाले. तुला कंपनीनं काढल्याचं मला वॉलेसनं सांगितलं, पण तू सभेला का आला नाहीस ते कळलं नाही. लाज म्हणून असेल तर ठीक. आळस म्हणून असेल तर थू.

प्रुइटनं लांबून दुसरा दुभाषी आणला होता, टाय लावलेला. तो उभा राहून आपलं कूळ सांगायला लागला तेवढ्यात वॉलेस म्हणाला, "बाळा, तू खाली बस आणि जेव. आमचं ऐकून झालंय." तो बिचारा खरंच बसला आणि जेवला. विरोधात एकशे एकतीस हात. बाजूनं सहा. सहा जण कोण ते तुला माहीत आहे, त्यांच्या पोरांना तू कामाचा शब्द दिला होतास. त्यांच्याकडे तू स्वतः जा, ते माझं काम नाही.

कंपनीचं पत्र विंडो रॉकला गेलंय. ग्रे विलो त्यांना आता सोयीचं वाटत नाही. दुसरीकडे जागा बघतायत. कुठे, ते कळलं की मी ती दोनशे चौदा पानं घेऊन जाणार. तिथल्या माणसांना माझ्याबद्दल काय ऐकायचं ते ऐकू देत.

आम्ही जिंकलो. वॉलेसच्या म्हातारीनं मेंढीचा रस्सा आणि तळलेल्या भाकरी केल्या होत्या. लोक रांगेनं बाकांवर बसले. माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. वॉलेसनं ताट माझ्या मांडीवर ठेवलं, म्हणाला, "खा, गरम आहे," आणि पलीकडे जाऊन बसला. मी खाल्लं. चवीला चांगलं होतं, खोटं का बोलू.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते. मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहेत, दोन्ही. काल मी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. गिअर दुरुस्त झालाय. चाळीस मैलांत ती एक अक्षर बोलली नाही. तिथे डॉक्टर गोरा, नवीन, आपली भाषा न येणारा. मला वाटलं होतं, आता तरी तिला माझी गरज लागेल. मी तिचा दंड धरून आत निघाले, तर ती दारात थांबली.

"तू बाहेर बस," म्हणाली. "ती नर्स पोरगी सांगेल मला."

नर्स चिनलीकडची, बावीस-तेवीस वर्षांची. मावशीनं तिला आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, पाहिलं तरी काय, ऐकलं. तिच्या खांद्यावर हात ठेवून आत गेली. दार लागलं. मी बाहेर बसले. आतून डॉक्टरचं इंग्रजी ऐकू येत होतं आणि मग त्या पोरीचं, आपल्या भाषेतलं. ती नीट सांगत होती. एका जागी तिला शब्द सापडेना, तर तिनं डॉक्टरला थांबवलं आणि परत विचारलं. मग सावकाश, पूर्ण सांगितलं. मी दाराला कान लावून सगळं ऐकलं. एक शब्द गाळला नाही तिनं.

परत येताना अर्ध्या वाटेत मावशी बोलली. उजवा डोळा आधी कापणार आहेत, सहा जुलैला, गुरुवारी. मला वाटलं, तारीख सांगतेय म्हणजे मी न्यायचंय. तेवढ्यात म्हणाली, "लीलंडलाही आण."

मी विचारलं, "कशाला?"

म्हणाली, "मला भूल देतील. शुद्धीवर आले की कुणीतरी माझं असायला हवं ना. दोघंही या. आत यायचं नाही. बाहेर बसा."

तेव्हा सहा तारखेला पहाटे पाचला दुकानासमोर ये. दवाखान्यात त्या खोलीबाहेर एकच बाकडं आहे. दाराजवळचं टोक माझं. तू दुसऱ्या टोकाला बस.

आयलीन